हाक्यातली पोरं

इ.स. १६१७च्या मार्चमध्ये जहांगीर बादशहाची स्वारी मांडूला येऊन पोचली. दख्खनच्या मोहिमेवर शहजादा खुर्रमला पुढे धाडून बादशहा स्वतः मांडूतच राहिला, आणि तिथे त्याला एक हिशेब करून घ्यावासा वाटला. आपण आजवर शिकार किती केली? शिकारीच्या नोंदी ठेवणारे कारकून होते, शिकारखान्यावरचे अंमलदार होते. वह्या उलगडल्या, बेरजा झाल्या. ते आकडे ‘तुझुक-इ-जहांगिरी’त आहेत. बादशहाच्या समक्ष एकूण २८,५३२ जनावरं आणि पाखरं पडली. त्यांतली १७,१६७ त्याने स्वतः टिपली. वाघ-सिंह ८६. पाखरं १३,९६४. त्याच मुक्कामात नूरजहाँने सहा गोळ्यांत चार वाघ लोळवले, तेही बादशहाने कौतुकाने लिहून ठेवलं आहे.

हा हिशेब सुरू होतो बादशहाच्या वयाच्या बाराव्या वर्षापासून. म्हणजे बारा वर्षांचा शहजादा रानात गेला, त्याने काय मारलं, कशाने मारलं, हे टिपायला माणूस हजर होता आणि ते कागद पुढे अडतीस वर्षं जपले गेले. मुलांच्या शिकारीची इतकी चोख नोंद हिंदुस्थानात त्यानंतर फारशी कुठे झाली असेल असं वाटत नाही. एका मुलाची झाली, ही गोष्ट अलाहिदा.

मांडू आज मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात आहे. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या २१,८५,७९३ भरली आणि तिच्यात निम्म्याहून जास्त, जवळपास ५६ टक्के, आदिवासी. मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. शेजारी, इंदूर ओलांडलं की देवास, १५,६३,७१५ लोकांचा जिल्हा. तिथे आदिवासी १७ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही ठिकाणी नर्मदा आहे, साग आहे, माळ आहेत, शेतात घुसणारे घोडरोज आहेत. आणि दोन्ही जिल्ह्यांतला बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी महिन्याकाठी किती दिवस नदीवर गळ टाकते, किती वेळा बेचकी घेऊन रानात जाते, किती वेळ नुसतं पाखरू बघत उभी राहते, हे विचारलं तर सांगणारा एकही कागद नाही. बादशहाला कारकून होता. या पोरांना नाही.

हा प्रश्न मुळात विचारण्याजोगा आहे का, असं कुणी म्हणेल. अमेरिकेत तो सरकार विचारतं, तेही १९५५ सालापासून. मासेमारी, शिकार आणि वन्यजीव पाहणं या तिन्हींची तिथे साधारण दर पाच वर्षांनी राष्ट्रीय पाहणी होते. २०१६च्या फेरीत सोळा वर्षांवरचे ३ कोटी ५८ लाख लोक मासे धरायला गेले होते, १ कोटी १५ लाख शिकारीला गेले होते आणि ८ कोटी ६० लाखांनी वन्यप्राणी किंवा पक्षी पाहिले होते. आधीच्या, २०११च्या फेरीत शिकारी १ कोटी ३७ लाख होते. पाच वर्षांत बावीस लाख गळाले म्हणून तिकडे चांगलीच काळजी पसरली.

काळजी जनावरांची नव्हे, तिजोरीची. १९३७च्या एका कायद्याने तिथे बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, १९५०च्या दुसऱ्या कायद्याने मासेमारीच्या सामानावरचा माशांसाठी; आणि हा पैसा राज्याराज्यांना वाटताना परवानाधारक किती हे पाहिलं जातं. रानं राखायचा बराच खर्च त्यातून निघतो. तेव्हा पोरांनी बंदूक हातात धरलीच नाही तर उद्या परवाना कोण घेणार? तिथे मूल मोजलं जातं ते उद्याचा करदाता म्हणून, असं म्हणणं थोडं खवचट होईल, पण फार चुकीचं नाही. आणि मोजलं कसं जातं? २०१६पर्यंतच्या फेऱ्यांत सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांबद्दल घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारलं गेलं. मूल गप्प, बाप बोलतो. ज्याने स्वतःच्या लहानपणी आईला न सांगता विहिरीवर किंवा ओढ्यावर दुपार काढली असेल त्याला या पद्धतीतलं भोक लगेच दिसेल.

दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘वन्यजीव पाहिला’ असं धरायचं तर तो मुद्दाम पाहिलेला हवा. जाता जाता दिसला तर ते धरत नाहीत. ही अट अमेरिकेतल्या उपनगरात ठीक आहे. धार जिल्ह्यातल्या सरदारपूरच्या माळावर ती लावली की काय होतं, ते पुढे पाहू.

आधी संस्थानं. धारचे पवार आणि देवासचे पवार एकाच घराण्याचे. बाजीरावाच्या माळव्यातल्या स्वाऱ्यांबरोबर आले आणि राहिले. देवासात १७२८च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांमुळे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून राहून गेला, त्यामुळे देवासचं नाव जगभर झालं. या राजांच्या मुलांसाठी इंदूरला रेसिडेन्सीच्या आवारात शाळा निघाली, तिचंच पुढे १८८२ साली डेली कॉलेज झालं. घोडा, पोलो, बंदूक हे अभ्यासक्रमाबाहेरचं नव्हतं. ‘पहिला वाघ’ हा त्या काळच्या राजकुमाराच्या आयुष्यात मुंजीइतकाच ठरलेला प्रसंग असे. त्याचा फोटो निघे, कातडं मढवून दिवाणखान्यात येई, तारीख आणि लांबी वहीत चढे. वाघाची लांबी नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ मोजायची की अंगावरून वळवून, यावर त्या काळी साहेबलोकांनी पानंच्या पानं भांडणं केली आहेत, कारण वळवून मोजलं की चार-सहा इंच वाढतात.

देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. कोल्हापूर म्हणजे चित्त्यांकरवी काळविटाची शिकार करणाऱ्या शेवटच्या काही संस्थानांपैकी एक. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तेव्हा दरबाराने आफ्रिकेतून आणवले आणि चित्तेवान ठेवून वाढवले. चित्ता सुटला, काळवीट पडला, याच्या नोंदी आहेत, छायाचित्रं आहेत.

आता याच चित्रातली दुसरी पोरं. मचाणावर एक राजकुमार बसला असेल तर त्याच्यासमोर वाघ आणून सोडायला दोन-तीनशे माणसं लागत. तो हाका. डबे, ढोल, कुऱ्हाडीचे दांडे झाडावर आपटत, ओरडत, अर्धवर्तुळ करून रान विंचरत यायचं. माळव्यात, निमाडात हे काम भिल्लांचं आणि आसपासच्या गावकऱ्यांचं. वेठीला धरून आणलेलं. बाप आला की पोरगा येईच. वाघ उलटून हाक्यात घुसला तर पहिला पंजा कुणाला लागणार, हे सांगायला नको. शिकारीत भाग किती मुलांनी घेतला? वहीनुसार एकाने. रानात त्या दिवशी वाघाच्या सर्वांत जवळ कोण होतं हा प्रश्न त्या वहीला पडतच नाही.

माझं सगळं म्हणणं या हाक्यापाशी सुरू होतं. नंतर वह्या बदलल्या, रकाने बदलले, हाका करणारी पोरं रकान्याबाहेरच राहिली.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आला तेव्हा शिकार पूर्ण बंद झाली असा पुष्कळांचा समज आहे, तसं नव्हतं. मोठी शिकार, लहान शिकार अशा वर्गवारीने परवाने द्यायची तरतूद त्या कायद्यात होती. ती गेली १९९१च्या दुरुस्तीने. त्यानंतर हौसेच्या शिकारीचा परवानाच नाही, म्हणजे मोजायला परवान्यांची वहीही नाही. उरली पाचवी अनुसूची, उपद्रवी प्राण्यांची. तिच्यात शेवटी शेवटी कावळा, उंदीर-घुशी आणि फळं खाणारी वटवाघळं एवढेच राहिले होते. माळव्यातल्या मुलाला कायद्याने पारध करायला उरलं ते एवढंच. २०२२च्या दुरुस्तीत ती अनुसूचीही गेली.

संस्थानिक गेले, परवानेवालेही गेले, आणि जे शहरात आणि वाड्यांत राहत होते त्यांनी बंदूक टांगून दुर्बीण घेतली. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बी.एन.एच.एस.) १८८३ साली स्थापन झाली तीच मुळात शिकार करणाऱ्या निसर्गप्रेमींच्या पुढाकाराने. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस मध्य भारतातल्या संस्थानांत पक्ष्यांची पाहणी केली ती बंदुकीनेच. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनातही आधीची शिकार आणि नंतरचं पाहणं दोन्ही भेटतं. हा प्रवास सुशिक्षित माणसाचा म्हणून चांगला नोंदला गेला आहे. गोफण आणि तीर-कामठी टाकून भिल्ल पोराने काय हातात घेतलं, याचा प्रवास नोंदलेला नाही. त्याच्या वाट्याला दुर्बीण आली नाही. काही घरांत मोबाइल आला, काही घरांत गुजरातेतल्या बांधकामावर जायची एसटी.

मग मोजणीचं साधन अगदीच नाही का? एक आहे, आणि ते मुलांना धरून आहे. राष्ट्रीय वेळ-वापर पाहणी. जानेवारी ते डिसेंबर २०१९ या वर्षात तिची पहिली देशव्यापी फेरी झाली. १ लाख ३८ हजारांवर कुटुंबं, ४ लाख ४७ हजारांच्या आसपास माणसं. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने आदल्या दिवशी पहाटे चारपासून आजच्या पहाटे चारपर्यंत काय केलं, अर्ध्या-अर्ध्या तासाने. त्याही आधी, १९९८-९९ साली, सहा राज्यांत १८,५९१ कुटुंबांची चाचणी-पाहणी झाली होती आणि त्या सहांत मध्य प्रदेश होता. म्हणजे माळव्या-निमाडच्या मुलांचा दिवस अर्ध्या तासाच्या तुकड्यांत कापून पाहायची सोय पाव शतकापूर्वीच झालेली आहे.

पण इथे वर्गवारी आडवी येते. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वर्गीकरणावर ही पाहणी बेतली आहे, त्यात घरच्या वापरासाठी केलेली मासेमारी, पारध आणि रानातलं गोळा करणं हे दुसऱ्या विभागात येतं : स्वतःच्या उपयोगासाठी वस्तूंचं उत्पादन. करमणूक, खेळ, संस्कृती आठव्या विभागात. खलघाटाच्या खाली नर्मदेत गळ टाकून बसलेली मुलगी कोणत्या विभागात? मासा मिळाला तर रात्री कालवण, नाही मिळाला तर दुपार मजेत गेली. विभाग आठ दुपारी तीनला सुरू होऊन पाचला विभाग दोन होतो. पाहणी करणारा बिचारा कार्यकर्ता एक आकडा लिहून पुढच्या घरी जातो, आणि तो बहुधा दोन लिहितो, कारण अंगावर फाटका फ्रॉक असलेली मुलगी करमणूक करते आहे असं लिहायला मन धजत नाही. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचा सभासद परवानगी काढून, महागडी रीळ लावून दिवसभर बसतो. त्याला आठवा विभाग सहज मिळतो. मासा दोघांच्याही गळाला तोच लागतो.

शिवाय ही पाहणी राज्यापुरती बोलते. जिल्ह्यापर्यंत उतरायचं तर तिचा नमुना पुरत नाही. धारचं, देवासचं उत्तर तिच्यातून निघणार नाही.

नर्मदेवर थोडं थांबायला हवं, कारण मुलांच्या सहभागाचा प्रश्न इथे नदीच्या सहभागापर्यंत जातो. धार जिल्ह्यात धरमपुरी, खलघाट, मग चिखलदा आणि निसरपूरचा पट्टा. देवास जिल्ह्यात नेमावर. महाशीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा, २०११ साली जाहीर झालेला. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. त्याला वाहतं, थंड, गोटाळ तळाचं पाणी लागतं. सरदार सरोवर धरणाचे दरवाजे २०१७ साली बंद झाले, २०१९च्या पावसाळ्यात जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला भरला आणि धार-बडवानीकडची गावं पाण्यात गेली. वर देवासच्या अंगाला ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर ही धरणं. वाहणाऱ्या नदीचे एकामागून एक तलाव झाले. तलावात कतला-रोहू वाढतो, बाडस नाही. तलावाला ठेका लागतो, सोसायटी लागते, होडी आणि लांब जाळी लागतात. कहार, केवट, भिल्ल यांच्या पोरांचं काठावरून फेकजाळं टाकणं, गोट्यांच्या फटीत हात घालणं, उथळ पाण्यात ओंजळभर मासे कोंडणं हे सगळं उथळ पाण्याचं शिक्षण आहे. पाणी तीस-चाळीस फूट चढल्यावर ते कुठे करायचं? १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, हा नियम नदीच्या विणीच्या काळासाठी योग्यच. पण शाळेला सुट्टी असलेला उन्हाळा आणि पाण्याला उतार असलेला उन्हाळा हा जो मेळ पूर्वी जमत होता, तो जलाशयाच्या पातळीने मोडला. हे मोजायचं तर मुलांच्या पिढीला आणि त्यांच्या आजोबांच्या पिढीला एकच प्रश्न विचारून पाहावा : बाडस हातात धरला आहे का? किती वर्षांचे असताना? या दोन उत्तरांमधलं अंतर हा मला कुठल्याही परवान्याच्या आकड्यापेक्षा खरा आकडा वाटतो.

आता सरदारपूरचा माळ. धारच्या पश्चिमेला सरदारपूर तालुक्यात खरमोर अभयारण्य आहे, १९८३ साली ३४८ चौरस किलोमीटरवर जाहीर झालेलं. सालिम अलींच्या आग्रहामुळे ते आणि रतलाम जिल्ह्यातलं सैलाना अशी दोन अभयारण्यं एकाच वर्षी झाली. खरमोर म्हणजे माळढोकाच्या कुळातला सगळ्यात लहान पक्षी, कोंबडीएवढा. साहेबलोकांच्या शिकारकथांत त्याच्या मांसाची तारीफ असते. सैलान्याचे महाराज दिग्विजयसिंह पाककलेवरच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाले, शिकारीचे पदार्थ त्यात आहेतच. आणि त्याच सैलान्यात हा पक्षी वाचवायची जागा व्हावी यात एक दरबारी गंमत आहे.

पावसाळ्यात नर गवतातून उंच उडी मारतो, पंख फडफडवत खाली येतो, पुन्हा उडी. दिवसात शेकडो वेळा. मादी गवतात दबून बसते. त्यामुळे गणना होते ती उड्या मारणाऱ्या नरांची. माद्या तेवढ्याच असतील असं धरतात. १९९९च्या अंदाजात देशभरात ३,५३० खरमोर होते. २०१८च्या अहवालात सातशेच्याही खाली. आता तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. सरदारपुरात पानपुऱ्याच्या बीडावर, म्हणजे राखीव कुरणावर, गणनेच्या दिवसांत वनविभागाचे लोक आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक पहाटे बसतात. त्या स्वयंसेवकांची यादी होते.

त्याच माळाच्या कडेने पोरं गुरं आणि बकऱ्या चारत असतात. जुलै ते सप्टेंबर, पहाट आणि संध्याकाळ, म्हणजे बरोबर खरमोराच्या उड्यांची वेळ. सैलान्याकडे शेतकऱ्यांसाठी बक्षीस-योजना काढली गेली ती याच अनुभवातून : शेतात पक्षी दिसला, कळवला, राखला तर पैसे. कारण पक्षी पहिल्यांदा दिसतो तो शेतकऱ्याला आणि गुराख्याला. तर मग अमेरिकन व्याख्येने या गुराखी मुलाने वन्यजीव पाहिला का? नाही. तो बकऱ्या बघायला गेला होता. खरमोर मध्येच उडाला. भोपाळहून दुर्बीण घेऊन आलेला, एकही खरमोर न दिसता परत गेलेला विद्यार्थी मात्र ‘सहभागी’. मुद्दाम पाहिल्याची अट माळावर आणली की ती अशी उलटी पडते.

या मुलाच्या घरी खरमोराचं नाव कसं निघतं, हेही पाहिलं पाहिजे. अभयारण्याच्या हद्दीत चौदा गावांची खासगी शेतं आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला तुकडा विकायचा तर विकता येत नसे, आणि याचं कारण एक पाखरू. खासगी जमिनी वगळाव्यात ही मागणी वर्षानुवर्षं चालू राहिली. अशा घरातल्या मुलाला ‘तुला पक्षी आवडतात का’ असं विचारणारी प्रश्नावली म्हणजे चेष्टा ठरेल. आवडीच्या आधी हिशेब विचारावा लागेल : खरमोराने तुमचं काय घेतलं?

शाळांचं काय? इथे आकडे मुबलक आहेत, हाच त्रास आहे. राष्ट्रीय हरित सेनेत २००१-०२पासून जिल्ह्याजिल्ह्यातल्या शाळांत इको क्लब निघाले. मध्य प्रदेश वनविभागाचा आणि इको-पर्यटन मंडळाचा ‘अनुभूति’ कार्यक्रम हिवाळ्यात सरकारी शाळांच्या मुलांना दिवसभर रानात नेतो : पायवाट, पक्षी, ठसे, प्रश्नमंजूषा, शपथ, जेवण. देवासच्या मुलांसाठी त्यातलं सोन्यासारखं ठिकाण खिवनी, कन्नौद-खातेगावकडचं १९५५ सालचं अभयारण्य, सागाचं रान, वाघाचा वावर असलेलं. जैवविविधता मंडळाचा मोगली उत्सव आहे. जिल्ह्याजिल्ह्यातून प्रश्नमंजूषेत निवडलेली मुलं पेंचला जातात. हे उपक्रम चांगले आहेत, हे मी आडपडदा न ठेवता म्हणतो. वाघाचा ठसा पहिल्यांदा पाहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा चेहरा कुठल्याही अहवालापेक्षा बोलका असतो. पण मोजमाप पाहा : शिबिरं इतकी, विद्यार्थी इतके, टोप्या इतक्या. ज्या दिवशी बस आली त्या दिवशी मूल रानात होतं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस? कन्नौदच्या बाजारपेठेतल्या मुलाला ती बस म्हणजे रानाशी पहिली ओळख असू शकते. खिवनीच्या कडेच्या वस्तीतली मुलगी त्याच रानातून मोहफुलं वेचून आली आहे. तिला त्याच पायवाटेवर ओळीत चालवत ‘हे सागाचं झाड’ असं सांगितलं जातं. हजेरीपटावर दोघांची खूण सारखीच.

पक्षीगणनांचं तसंच. फेब्रुवारीतली ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ भारतात २०१३पासून होते, २०१५पासून कॉलेजांच्या आवारांतलीही. शेजारी इंदुरात सिरपूर तलावावर भालू मोंढे आणि त्यांच्या मंडळींनी पक्ष्यांसाठी चिकाटीने काम केलं. मोंढ्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, तलाव २०२२ साली रामसर यादीत गेला. इंदुरातली शाळकरी मुलं तिथे येतात, यादी करतात, ती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढते. ई-बर्ड विचारतं : किती जण होता, किती वेळ, किती अंतर, कोणते पक्षी? वय विचारत नाही. पक्ष्यांच्या दृष्टीने ते बरोबरच. टिटवीला मोजणाऱ्याच्या वयाशी काय करायचंय. पण आपल्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही, आणि नकाशा उघडला तर ठिपक्यांची गर्दी इंदूरभोवती दिसते. धारचा पश्चिम भाग विरळ. पाखरं तिकडे कमी आहेत म्हणून नव्हे.

तर मग या दोन जिल्ह्यांत ही पाहणी करायची झालीच, तर कशी? मूल मोजायचं तर मुलाला विचारा, बापाला नको, गुरुजींना तर नकोच. वर्षाचा हिशेब विचारू नका. गेल्या आठवड्यातला विचारा, आणि वर्षातून निदान तीनदा : पावसाळ्यात, गव्हाच्या दिवसांत, आणि भगोरिया-होळी उलटून मोहफुलं गळू लागली की. ‘कशाला गेला होतास’ या प्रश्नाला एकच उत्तर घेऊ नका. बकऱ्या आणि खरमोर, कालवण आणि मजा, दोन्ही एकाच खुणेखाली बसू द्या. कुणाबरोबर गेला होतास हे विचारा, कारण आजोबांबरोबर गेलेलं मूल झाडाचं नाव घेऊन येतं आणि एकटं गेलेलं ओरखडे घेऊन. मुलींना वेगळं विचारा. पारधीला त्या कमी दिसतील, पण खेकडे, शिंपले, कंदमुळं आणि रानभाज्या धरल्या तर पारडं फिरेल असा माझा अंदाज आहे.

आणि शिकार? सगळी पाहणी इथे अडते. सशाला फास लावला, तितर पकडला, मोरावर बेचकी चालवली असं मुलाने कबूल केलं तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होतो. वन्यजीव कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला त्याहून जड शिक्षा. मुलाला बालन्याय कायदा आहे, बापाला नाही. वनरक्षकाला, म्हणजे इकडच्या भाषेत नाकेदाराला, शेजारी बसवून हा प्रश्न विचारला तर धार जिल्ह्यात शिकारीचं प्रमाण शून्य निघेल आणि तो शून्य छापला जाईल.

यावर संख्याशास्त्रात एक जुनी युक्ती आहे. स्टॅन्ली वॉर्नर या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली तिची कल्पना मांडली आणि पुढे तिची निरनिराळी रूपं निघाली. दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांना ‘बिबट्या मारलास का’ असं याच वाटेने विचारलं गेलं आहे. त्यातलं सोपं रूप असं. मुलाच्या हातात फासा द्यायचा. त्याने तो मुठीत खुळखुळवून पाठमोरं होऊन टाकायचा. दान फक्त त्याला दिसेल. एक पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. सहा पडला तर काहीही असो, ‘नाही’. दोन ते पाच पडले तर खरं बोलायचं. आता एखादं पोर ‘हो’ म्हणालं तर त्याने ससा मारला की त्याला एक पडला, हे कुणालाच कळत नाही. नाकेदाराला नाही, न्यायाधीशाला नाही. पण समजा सहाशे मुलांना विचारलं. सुमारे शंभर ‘हो’ तर फाशाचेच. चारशेच्या आसपास मुलं खरं बोलणार. ‘हो’ एकूण १८० आले तर त्यातले ८० खरे. चारशेत ऐंशी, म्हणजे पाचातलं एक. नाव कुणाचंच लागत नाही आणि प्रमाण मात्र हाती येतं. फासा खेळायला माळव्यातल्या पोरांना शिकवावं लागणार नाही. अडचण असेल ती एक पडल्यावर न केलेल्या शिकारीची ‘हो’ म्हणताना. काही मुलं खोटं बोलायला तयार होणार नाहीत आणि काही फुशारकीने नुसतंच ‘हो’ म्हणतील. म्हणून आधी निरुपद्रवी प्रश्नावर सराव घ्यायचा, ज्याचं उत्तर शाळेच्या पटावरून ताडून पाहता येतं.

खर्च फार नाही. फासे, काही तरुण ज्यांना भिली आणि निमाडी बोलता येते, आणि शाळेच्या पडवीत गुरुजींना एक तास बाहेर बसवायची परवानगी. जड जाईल ते पुढचं. वनगुन्ह्याच्या कागदावर आरोपीचं नाव, बापाचं नाव, बीट आणि जप्त माल यांचे रकाने असतात. ‘पाचातलं एक मूल, नावं माहीत नाहीत’ असं उत्तर घेऊन कुणी धारच्या किंवा देवासच्या वनमंडळ कार्यालयात गेलं, तर ते स्वीकारायची आणि त्यावर एकही गुन्हा न नोंदवायची लेखी हमी आधी मिळवावी लागेल. ती मिळेपर्यंत प्रश्नावलीतली शिकारीची पानं कोरी ठेवून मासे आणि पाखरांपासून सुरुवात करता येते. सरदारपूरच्या शाळा जुलैत सुरू असतात, आणि खरमोरही तेव्हाच येतो.